पॉझिटिव्ह आलं, आता काय करायचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जानेवारी २०२२ मध्ये पार्किंगच्या मोकळ्या जागेत सभासदांसमोर केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



रौप्यमहोत्सवाला खरं तर ऑर्केस्ट्रा यायचा होता. तो पुढं ढकलला. पन्नासच खुर्च्या, त्याही लांब लांब मांडलेल्या, आणि ऑर्केस्ट्राच्या जागी मी. सचिव म्हणाले, "ताई, बारामतीत सिल्व्हर ज्युबिली म्हटलं की लोकांना आधी सरकारी दवाखानाच आठवतो, तेव्हा तुम्ही दवाखान्यावरच बोला." म्हणून उभी आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. इंदापूर तालुक्यात आरोग्य खात्यात ३१ वर्षं नोकरी केली. आधी नर्स म्हणून, मग आरोग्य सहायिका म्हणून. रोज बारामतीहून एसटीनं जायचं आणि पुढं वाड्यावस्त्या पायी. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या लाटेत माणसं कमी पडली, तेव्हा दोन महिने कोविड सेंटरला पुन्हा ड्यूटी केली. त्यामुळं मी औषध लिहून देणार नाही. पॉझिटिव्ह आल्यावर घरात आणि जिन्यात काय करायचं, तेवढंच सांगणार आहे.

विषय जुना झाला असं कुणाला वाटत असेल, तर सध्या किती घरांत खोकला आहे ते जिन्यातून जाताना ऐकू येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सगळे ठणठणीत! आता घरच्या घरी टेस्ट करायची किट मेडिकलमध्ये मिळतात. आपल्या पुण्याच्याच कंपनीच्या अशा किटला मे २०२१ मध्ये आयसीएमआरनं पहिली मान्यता दिली. सोय चांगली आहे. पण त्यामुळं झालंय काय, की दोन रेघा उमटल्या की किट कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी आणि तोंडावर कुलूप. किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणजे पॉझिटिव्हच, पुन्हा दुसरीकडं खात्री करत हिंडू नका. उलट लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह आलं, तर मात्र आरटीपीसीआर करा.

तर पॉझिटिव्ह आल्यावर पहिलं काम औषधाचं नाही. पहिलं काम तारीख लिहिण्याचं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर घ्या आणि दोन तारखांना गोल करा. एक, अंगात कणकण किंवा घसा खवखवायला लागला तो दिवस. दुसरी, टेस्ट पॉझिटिव्ह आली तो दिवस. घरातून बाहेर कधी पडायचं ते दुसऱ्या तारखेवरून ठरतं. पण आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते पहिल्या तारखेवरून कळतं. सेंटरला आम्ही येईल त्याला विचारायचो, "पहिल्यांदा कधी बरं वाटेनासं झालं?" दहातले सात जण टेस्टची तारीख सांगायचे. मग घरच्यांना बाजूला घेऊन विचारलं की कळायचं, आजी चार दिवस आधीपासून जेवत नव्हत्या. ते चार दिवस फार मोलाचे असतात.

दुसरं काम म्हणजे सांगणं. लक्षणं सुरू व्हायच्या आधी दोन दिवसांपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून त्या दोन दिवसांपासून आपण कुणाकुणाबरोबर बसलो, जेवलो, गाडीतून गेलो, ते आठवून त्यांना फोन करायचा. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना कळवायचं. आणि विंगच्या प्रतिनिधीला कळवायचं. इथंच सगळं अडतं, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

आपल्याकडं म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. या आजारात झाकली मूठ दवाखान्यात सव्वा लाखाला पडते, आणि पैशावर निभावलं तर नशीब.

लपवणं ही काही आजची गोष्ट नाही. क्षयरोगाच्या गोळ्या वाटायला मी वस्त्यांवर जायची, तेव्हा एका घरी सुनेच्या गोळ्या गहू भरायच्या कोठीत असायच्या. सासूला कळू नये म्हणून. दुसऱ्या घरी माझ्याच हाताला धरून सांगितलं, "बाई, पांढरी साडी नेसून येऊ नका, शेजारी विचारतात." त्याच्याही मागं जा. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सोल्जर घरात शिरून तपासण्या करत, आजारी माणसाला आणि घरच्यांना छावणीत नेत. त्या भीतीनं लोक आजारी माणसं लपवायचे. त्याच वर्षी साथरोगाचा कायदा झाला, आणि मार्च २०२० मध्ये आपल्याकडं लागू केला तोही तोच कायदा. आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या, तोच आजार होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे एकाच गावात, एकाच वर्षी, माणसं आजाऱ्याला लपवत होती आणि एक बाई आजाऱ्यापाशी जात होती. माणूस लपवतो तो आजाराला भिऊन नाही, आजार कळल्यावर लोक काय करतील त्याला भिऊन.

आता आपल्याकडचं. मार्च २०२० च्या शेवटी बारामतीत पहिला रुग्ण सापडला. त्यानंतर राजस्थानातल्या भिलवाड्यासारखा बंदोबस्त इथंही करायचं ठरलं, रस्ते बंद, किराणा-भाजी घरपोच. त्याला ‘बारामती पॅटर्न’ म्हणून नावही मिळालं. तेव्हा ते गरजेचं होतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पत्रे ठोकलेली गल्ली डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढं दोन वर्षं तेच डोक्यात धरून बसतो. आपल्याच सोसायटीत २०२० च्या पावसाळ्यात एका घरात पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा दूधवाल्याला त्यांच्या मजल्यावर जाऊ दिलं नाही. घंटागाडीत त्यांचा कचरा टाकू दिला नाही. ते घर आज इथं बसलंय, त्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही, म्हणून मी सांगते.

आणि एप्रिल २०२१. ही गोष्ट मी वहिनींना विचारून सांगते आहे. त्या म्हणाल्या, "सांगा, नाव नका घेऊ." भाऊंना ताप आला. मुलीचं लग्न तोंडावर होतं. २०२० मध्ये दूध अडवलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ठरवलं, टेस्टच करायची नाही, टायफॉइड आहे म्हणायचं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, सगळ्यांना वाटलं सुटलो. सातव्या दिवशी ते गॅलरीत उभे राहून फोनवर मांडववाल्याशी बोलत होते. मी खालून पाहिलं, हात केला त्यांनी. दम लागत नव्हता, पण बोलताना मधेच थांबत होते, असं वहिनी नंतर म्हणाल्या. नवव्या दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावला तो शेजारच्या घरातून मागून आणून, आणि आकडा आला ७८. त्या आठवड्यात बारामती, इंदापूर, अकलूज, पुणे, सगळीकडं बेडसाठी फोन चालले होते. बेड मिळाला तेव्हा रात्र झाली होती. भाऊ परत आले नाहीत.

शेजारच्या घरात ऑक्सिमीटर होता. पंधरा पावलांवर. आठ दिवस होता.

म्हणून या वर्षी कार्यकारिणीनं जो ठराव केलाय तो मी मुद्दाम वाचून घेतला. पॉझिटिव्ह घराचं पाणी, लिफ्ट, दूध, कचरा यातलं काही बंद होणार नाही. कळवल्यावर नाव ग्रुपवर टाकायचं नाही, विंगचा प्रतिनिधी आणि सचिव एवढ्यांनाच माहीत. डबा दाराच्या कडीला अडकवायचा, बेल वाजवून मागं व्हायचं. आणि घरकामाच्या मावशींना सात दिवस यायला नको म्हटलं, तर त्यांचा पगार कापायचा नाही. यावर मीटिंगमध्ये थोडी वादावादी झाली असं कानावर आलं. माझं मत विचाराल तर पगार कापला की मावशी स्वतःचा ताप लपवून तुमच्या ओट्याशी उभ्या राहतील. हिशेब तुमचा तुम्ही करा.

बरं, आता खोली. ज्याला झालंय त्यानं शक्यतो वेगळ्या खोलीत राहायचं, खिडकी उघडी. २०२० मध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, भाजी खायच्या सोड्यात बुडवली, आणि खिडक्या मात्र बंद करून बसलो. हा आजार मुख्यतः श्वासातून, बंद हवेतून पसरतो. हात धुवाच, पण आधी खिडकी उघडा. संडास-बाथरूम एकच असेल तर आजारी माणसानं शेवटी जायचं आणि नंतर थोडा वेळ खिडकी-पंखा चालू ठेवायचा. आजारी माणसानं तीन पदरी मास्क लावायचा, आठ तासांनी किंवा ओला झाला की बदलायचा. जो डबा-पाणी देतो त्यानं एन-९५ लावायचा, आणि देणारा एकच ठेवा, लस झालेला, धडधाकट. सगळ्या घरानं आळीपाळीनं डोकावायचं नाही. वापरलेले मास्क कागदी पिशवीत तीन दिवस वेगळे ठेवून, कापून मग सुक्या कचऱ्यात टाका. घंटागाडीवरच्या माणसालाही घर आहे.

वन आरके असेल, माणसं सहा असतील, तर हे जमणार नाही. उगाच जमवल्यासारखं करू नका, कळवा. दोन फ्लॅट सध्या रिकामे आहेत, त्यांतल्या एकाची किल्ली मालकांनी आपणहून सचिवांकडं दिली आहे.

साठीच्या पुढचे, आणि बीपी, शुगर, दमा, हृदय किंवा किडनीचं दुखणं असलेले, यांनी घरी राहायचं की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. मुलानं फोनवर ठरवायचं नसतं. मुलगा पुण्यात, हिंजवडीत बसून गुगल करतो आणि इथं आई त्याला बरं वाटावं म्हणून "काही नाही रे" म्हणते. आणि आधीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या अजिबात बंद करू नका. "आता या गोळ्या चालू आहेत म्हणून त्या थांबवल्या" हे वाक्य मी सेंटरला इतक्यांदा ऐकलंय!

तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तशी. पाणी भरपूर, जेवण रोजचंच. भाकरी, वरण-भात, अंडं खात असाल तर अंडं. वाफ घ्यायची तर घ्या, पण वाफेनं विषाणू मरत नाही आणि पातेलं सांडून भाजलेली पोरं मी पाहिलीत. काढा दिवसातून पाच वेळा पिऊन छातीत जळजळ झाली की तीच कोरोनाची समजून घाबरणारेही पाहिलेत.

आता ऑक्सिमीटर, कारण भाऊंच्या बाबतीत तोच राहिला. या आजारात कधी कधी दम लागल्याचं कळत नाही, आणि ऑक्सिजन मात्र उतरत असतो. दिवसातून तीन-चार वेळा मोजा. नेलपॉलिश, मेंदी असेल तर ते बोट सोडा. हात थंड असेल तर चोळून गरम करा. बसून, हात टेबलावर ठेवून, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. पहिलाच आकडा लिहून पळू नका. आकडा आणि वेळ त्या कॅलेंडरवरच लिहा. ९४ च्या वर असेल तर ठीक. तासाभरात तीन वेळा मोजून तीनही वेळा ९३ किंवा खाली आला, तर दवाखान्यात जायची वेळ झाली. यंत्र बिघडलंय का बघायला तेच यंत्र घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटाला लावा. त्याचा ९८ आणि तुमचा ९२, म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही.

सहा मिनिटं चालायची चाचणी तुम्हाला आठवत असेल, सरकारनं बरीच सांगितली होती. आधी आकडा बघायचा, मग सपाट फरशीवर नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चालायचं, जिना नाही. मग पुन्हा बघायचा. ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्त उतरला, किंवा धाप लागली, चक्कर आली, तर डॉक्टरांना फोन. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चाला. दमेकऱ्यांनी करू नका, आणि बसल्या बसल्याच आकडा कमी असेल त्यानं तर मुळीच नाही.

हे कधी करायचं? रोज. पण कॅलेंडरवरच्या पहिल्या गोलापासून पाचवा ते दहावा दिवस जास्त जपायचा. बहुतेक माणसं पाचव्या दिवशी बरी होतात आणि बरीच राहतात. ज्यांचं बिघडतं त्यांचं बिघडणंही त्याच सुमारास सुरू होतं. ताप उतरला म्हणून ऑक्सिमीटर परत द्यायचा नाही. या वेळचा ओमायक्रॉन बऱ्याच जणांना सर्दी-पडशासारखा येऊन जातोय, खरं आहे. पण वय झालेल्याला, लस न घेतलेल्याला तो सर्दीसारखाच जाईल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

आकड्याशिवायही निघायची वेळ कळते. तीन दिवसांहून जास्त १०० च्या वर ताप, श्वासाला त्रास, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, छातीत सतत दुखणं किंवा दाब, असंबद्ध बोलणं, हाक मारून जाग न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत, गरोदर बाई नसेल आणि नुकतंच जेवण झालेलं नसेल, तर पालथं झोपवा. मानेखाली एक उशी, छातीपासून मांडीपर्यंत एक-दोन, नडगीखाली दोन. ऑक्सिजन थोडा सुधारतो. पण हे गाडी येईपर्यंत. आकडा ९० चा ९३ झाला म्हणून गाडी परत पाठवायची नाही. पिशवी आधीच भरून ठेवा. आधार, रेशनकार्ड, विम्याचे कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, चार्जर, आणि ते कॅलेंडरचं पान फाडून. डॉक्टरांना त्या पानाइतका चांगला इतिहास दुसरं कुणी सांगणार नाही.

औषधांबद्दल दोनच गोष्टी, पण नीट ऐका. पहिली, स्टेरॉइड. डेक्सा, मेड्रॉल. ही औषधं वाईट नाहीत. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्सामिथासोननं मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, नुकसानीचीच शक्यता दिसली. म्हणजे तेच औषध चौथ्या दिवशी घरी घेतलं तर अंगातली लढाई ढिली पडते, आणि दहाव्या दिवशी दवाखान्यात घेतलं तर जीव वाचतो. त्यात शुगर चढते. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं, गुऱ्हाळाचा रस काय, चहात दोन चमचे काय, घरटी एक शुगरवाला आहेच. दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी झाली ती बरीचशी अशांनाच. बरं झाल्यावरही चेहऱ्याची एक बाजू दुखली, डोळा सुजला, नाकातून काळपट आलं, दात हलायला लागले तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरी, धावपळीचं औषध. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी माणसं रात्र रात्र रांगेत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातच ते वापरू नका असा सल्ला दिला होता, पण ऐकतंय कोण. त्याच एप्रिलमध्ये आपल्या बारामतीत पोलिसांनी टोळी पकडली. वापरलेल्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉलचं औषध भरून रेमडेसिविर म्हणून विकत होते. घेणारी माणसं मूर्ख नव्हती, घाबरलेली होती. या वेळी नवीन गोळी आली आहे, मोल्नुपिराविर. आयसीएमआरनं ती उपचारांच्या यादीत घेतलेली नाही. कुणी मेडिकलवाला ओळखीचा म्हणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. आणि साध्या आजारात सीटी स्कॅनसाठी धावू नका.

बाहेर कधी पडायचं? ५ जानेवारीच्या नव्या नियमांप्रमाणं टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस झाले आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नाही, की सुटका. मास्क मात्र चालू. पुन्हा टेस्ट करायची गरज नाही. एमआयडीसीतल्या काही ठिकाणी निगेटिव्ह रिपोर्ट आणल्याशिवाय कामावर घेत नाहीत, अशी दोन-तीन मुलांनी तक्रार केली. आरटीपीसीआर बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, मेलेल्या विषाणूचे तुकडे सापडतात म्हणून. सचिवांनी सरकारी नियमाची प्रिंट काढून ठेवलीय, ती साहेबांना दाखवा. लसीचा पुढचा डोस बरं झाल्यावर तीन महिन्यांनी. आणि खोकला दोन-तीन आठवड्यांवर गेला तर क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, आणि गोळ्या कोठीत लपवायची गरज नाही.

बरं झाल्यावर थकवा राहतो, महिनाभरसुद्धा. सुनेनं बरं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या लाटाव्यात अशी अपेक्षा असलेल्या घरांना हे वेगळं सांगते.

वॉचमनच्या केबिनमध्ये निळा डबा आहे. त्यात तीन ऑक्सिमीटर, थर्मामीटर, मास्क, आणि एक वही. कुणी, कधी नेला ते लिहायचं नाही, फक्त फ्लॅटऐवजी विंगचं अक्षर टाकायचं. परत करताना स्पिरिटनं पुसून. सेल दर रविवारी तपासायचे, ते काम या तिमाहीत सी विंगकडं आहे. मागच्या रविवारी एका यंत्राचे सेल उतरलेले होते, मी बदलले.

आता काही विचारायचं असेल तर विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी रात्री नऊपर्यंत माझ्या दारात या, मास्क लावून. खुर्च्या मात्र जवळ ओढू नका.